गप्पी-मॉलीची पिल्लं छोट्या टाकीत कशी वाढवता? (अनुभव धागा)

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहती पिल्लं देतात. साधारण चार आठवड्यांनी पुढची वीण. त्यामुळे पिल्लं होण्याची चिंताच नाही, ती टिकवायची कशी हा खरा प्रश्न. आईसुद्धा त्यांना खाते. माझी टाकी तीस लिटरची आहे, दुसरीला जागा नाही. ज्यांनी एवढ्याशा जागेत पिल्लं मोठी केली आहेत, त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहा.

*

माझा सगळा भरवसा झाडीवर. जावा मॉसचा जाड गोळा तळाशी, वर तरंगतं हॉर्नवर्ट. जन्मल्यावर पिल्लं थोडा वेळ तळाशी पडून राहतात, तेव्हाच मोठे मासे त्यांना टिपतात. मॉस तिथेच हवं. पुढे ती पृष्ठभागाजवळ येतात, तेव्हा वरची झाडी उपयोगी पडते. शिवाय पानांवरचे सूक्ष्म जीव ती दिवसभर टिपत असतात.

*

मॉलीसाठी प्लॅस्टिकच्या बाळंतपेटीच्या मी विरोधात आहे. गाभण मादी त्या एवढ्याशा डब्यात बिथरते आणि कधीकधी वेळेआधीच पिल्लं टाकते. त्यापेक्षा पिल्लं दिसली की ती उचलून जाळीच्या पेटीत ठेवावीत. जाळीतून टाकीचं पाणी खेळतं राहतं. मॉलीला पाणी जडच लागतं, मऊ पाण्यात ती जागच्या जागी थरथरायला लागते.

*

खाण्याबद्दल लिहितो, कारण यातच मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. ही पिल्लं जन्मतःच बारीक चुरलेले फ्लेक्स खाऊ शकतात, पण आर्टेमियाने (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव, याची अंडी घरी फोडता येतात) जी वाढ होते ती वेगळीच. एका बाटलीत लिटरभर पाणी, सुमारे २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, तळापर्यंत हवेची नळी. २५ ते २८ अंशांत एक-दीड दिवसात अंडी फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया नारिंगी ढगासारखा तळाशी बसतो. तो नळीने ओढून फडक्यात गाळायचा, साध्या पाण्याने धुवायचा आणि थेंबाथेंबाने टाकीत सोडायचा. पारदर्शक पिल्लांची पोटं बघता बघता नारिंगी होतात! हे बघायला मी भिंग घेऊन बसतो. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र छोट्या टाकीत नकोच, पाणी फार लवकर नासतं.

*

दिवसातून तीन-चार वेळा, पण अगदी थोडं खाणं. उरलेलं सडलं की अमोनिया वाढतो आणि छोट्या टाकीत तो विरायला पाणीच नसतं. म्हणून मी दर दोन दिवसांनी थोडं पाणी बदलते, क्लोरिन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं. सायफनला एअर पंपाची बारीक नळी वापरते आणि पाणी पांढऱ्या बादलीत घेते. नळीतून एखादं पिल्लू गेलंच तर पांढऱ्यावर त्याचे काळे डोळे लगेच दिसतात.

*

फिल्टर स्पंजचाच. दुसरा असेल तर त्याच्या तोंडावर स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.

*

वाढवून झाल्यावरचं कुणी लिहिलं नाही. साधारण महिन्याच्या गप्पींचा पोटामागचा पर रोज बघायला लागा. मादीचा तो पंख्यासारखा त्रिकोणीच राहतो, नराचा निमुळता होत काडीसारखा होतो. काडी दिसू लागली की नर वेगळे करायचे. उशीर झाला तर एकदाच्या मीलनावर मादी पुढचे कित्येक महिने विते, नर शेजारी नसला तरी. जास्तीची पिल्लं मी मासे पाळणाऱ्या ओळखीच्यांना देते. ओढ्या-तळ्यात कधीच सोडत नाही. गप्पी तिथे तग धरतात आणि मूळच्या माशांना हटवतात. आता तर मी पिल्लं बाजूला काढतच नाही. मॉसमध्ये लपून जी तगतात, तेवढीच माझ्या टाकीला पुरेशी होतात.