मदत हवी आहे : सील्ड इंटरफेसची मुलं दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवता येत नाहीत (जावा २१)

महापे_जावा :
जावा २१, मेव्हन (बिल्ड करायचं साधन), स्प्रिंग बूट (सर्व्हर-ॲप्सची चौकट). मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांचा टोल काढणारा प्रोजेक्ट आहे. मेव्हनची तीन मॉड्यूल्स आहेत : टोल-मूळ, टोल-वाहने, टोल-सेवा. मॉड्यूल-इन्फो फाइल कुठेच नाही.

टोल-मूळमध्ये सील्ड इंटरफेस लिहिला, म्हणजे ज्याची मुलं (त्याच्यावरून बनणारे क्लास) परमिट्सच्या यादीतच ठरलेली असतात :

पब्लिक सील्ड इंटरफेस वाहन परमिट्स कार, टेम्पो, बस, ट्रक

चारही क्लास टोल-वाहनेमध्ये आहेत, आणि ते मॉड्यूल टोल-मूळवर अवलंबून आहे. कंपायलर म्हणतो, कार हे सिम्बॉल सापडत नाही. टोल-मूळच्या पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टोल-वाहनेची डिपेंडन्सी घातली तर मेव्हन सायक्लिक रेफरन्सची, म्हणजे दोन्ही एकमेकांवर अवलंबून असल्याची एरर देतो. परमिट्स काढून टाकलं तर सील्डला सबक्लास हवेतच असं सांगतो. शेवटी सगळं एकाच मेव्हन मॉड्यूलमध्ये आणलं, पण हलकी आणि जड अशी दोन पॅकेजेस केली. आता एरर अशी : अननेम्ड मॉड्यूलमधला क्लास वेगळ्या पॅकेजमधल्या सील्ड क्लासला एक्स्टेंड करू शकत नाही. आता तर सगळं एकाच मॉड्यूलमध्ये आहे, मग अडतंय कुठे?

वर्तकनगर :
अडतंय 'मॉड्यूल' या शब्दापाशी. मेव्हनचं मॉड्यूल ही बिल्डची सोय आहे, जावा कंपायलर त्याला ओळखत नाही. त्याच्या लेखी मॉड्यूल म्हणजे ज्यात मॉड्यूल-इन्फो फाइल आहे ते. ती नसेल तर क्लासपाथवरचा सगळा कोड अननेम्ड मॉड्यूलमध्ये जातो, आणि तिथला नियम कडक आहे : सील्ड टाइप आणि त्याची थेट मुलं एकाच पॅकेजमध्ये हवीत. नेम्ड मॉड्यूल असेल तर पॅकेजेस वेगळी चालतात, पण मॉड्यूल एकच हवं. दोन मॉड्यूल्समध्ये पसरलेलं सील्ड घराणं जावात कुठल्याच मार्गाने होत नाही.

तुमच्या पहिल्या दोन एररही यातूनच आल्या. परमिट्समध्ये बाप मुलांची नावं घेतो आणि मुलं बापाचं नाव घेतात, म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी लागते. एवढे एकमेकांत गुंतलेले क्लास एकत्र कंपाइल झाले पाहिजेत. दोन जारमध्ये (कंपाइल झालेल्या कोडच्या गठ्ठ्यांमध्ये) एकाच नावाचं पॅकेज ठेवण्याची युक्तीही करू नका, मेव्हनचं वर्तुळ त्याने सुटत नाही.

तुमच्यासाठी सरळ उपाय : टोल-वाहने हे मॉड्यूल काढून टाका. टोल-मूळमध्ये वाहन नावाची एकच फाइल करा आणि चारही प्रकार इंटरफेसच्या आतच रेकॉर्ड (नुसती माहिती धरणारे छोटे क्लास) म्हणून लिहा :

पब्लिक सील्ड इंटरफेस वाहन {
  रेकॉर्ड कार(स्ट्रिंग क्रमांक) इम्प्लिमेंट्स वाहन {}
  रेकॉर्ड ट्रक(स्ट्रिंग क्रमांक, इंट आस) इम्प्लिमेंट्स वाहन {}
  …
}

सगळे एकाच फाइलमध्ये असले की परमिट्स लिहावं लागत नाही, कंपायलर यादी स्वतः बनवतो. रेकॉर्ड मुळातच फायनल असतात, त्यांना पुढे वारस नसतो. साधे क्लास ठेवलेत तर प्रत्येकावर फायनल, सील्ड किंवा नॉन-सील्ड (पुढचे वारस मोकळे) यांपैकी एक लिहावंच लागेल, नाहीतर पुढची एरर ठरलेली. फक्त पॅकेजेस वेगळी हवीत म्हणून मॉड्यूल-इन्फो आणू नका. स्प्रिंग आणि जॅक्सन (जेसन वाचणारी लायब्ररी) रिफ्लेक्शनवर, म्हणजे रनटाइमला क्लासच्या आत डोकावून चालतात, त्यामुळे पॅकेजेस एकेक करून ओपन्सने त्यांना खुली करत बसावं लागेल.

नेरुळ_पूर्व :
कुणी सी-शार्पकडून आलं असेल तर एक लक्षात ठेवा : तिथलं सील्ड म्हणजे जावाचं फायनल, पुढे वारस नाहीच. जावाचं सील्ड म्हणजे ठरलेलेच वारस. कॉटलिन जावासारखंच आहे, पण १.५ पासून तिथे पॅकेज आणि मॉड्यूल दोन्ही एकच हवीत, आणि तिथे मेव्हनचं मॉड्यूल खरोखर मॉड्यूल धरलं जातं.

महापे_जावा :
एका फाइलमध्ये आणलं, कंपाइल झालं. धन्यवाद! आता दोन प्रश्न. टोल काढायला प्रत्येक रेकॉर्डमध्ये मेथड लिहू की सगळे प्रकार एका जागी तपासणारा स्विच? आणि पुढे दुसऱ्या टीमला तिचे खास वाहनप्रकार घालायचे आहेत, त्यांचं काय?

वर्तकनगर :
प्रकार क्वचित बदलत असतील आणि त्यांच्यावरचे हिशेब वारंवार, तर सील्ड आणि स्विच. तुमचंच क्षेत्र घ्या. १४ ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, वाशी, दहिसर आणि मुलुंडचे दोन अशा पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. वाहनांचे प्रकार तेच राहिले, बदलला तो हिशेब. हिशेब एका स्विचमध्ये असेल तर दर, माफी, अहवाल हे सगळं ज्याच्या त्याच्या जागी राहतं आणि वाहनांचे रेकॉर्ड नुसती माहिती धरतात. प्रकारच दर महिन्याला वाढणार असतील तर मात्र सील्ड नको, साधा इंटरफेस आणि त्यात मेथड.

स्विच लिहाल तेव्हा डिफॉल्ट घालू नका. सील्डचा सगळा फायदा तिथेच वाया जातो. डिफॉल्ट नसेल तर उद्या रेकॉर्ड ट्रेलर आलं की प्रत्येक अपुऱ्या स्विचवर कंपायलर थांबतो. डिफॉल्ट असेल तर ट्रेलर गुपचूप त्यात पडतो आणि चुकीचा टोल लागतो. इफ-इन्स्टन्सऑफच्या (हा कार आहे का, ट्रक आहे का असं एकेक विचारणाऱ्या) साखळीला ही तपासणी मिळतच नाही, म्हणून जुन्या साखळ्या आधी स्विचमध्ये आणा.

ट्रकच्या आसांची (ॲक्सलची) अट घालाल तेव्हा जपून. 'केस ट्रक ट व्हेन ट.आस() > ३' ही अटीची केस पूर्णतेत (सगळे प्रकार आले का या तपासणीत) मोजली जात नाही, तिच्याखाली बिनअटीची केस ट्रक हवीच. क्रम उलटा झाला तर वरच्या लेबलने खालचं झाकलं अशी एरर येते. नल (वस्तूच नसणं) आला तर नलपॉइंटरएक्सेप्शन, तो हाताळायचा असेल तर वेगळी केस नल लिहा.

दुसऱ्या टीमसाठी एकच दार उघडं ठेवा : वाहनच्या आत 'नॉन-सील्ड इंटरफेस विशेष_वाहन एक्स्टेंड्स वाहन'. ते त्यांच्या जारमधून विशेष_वाहन इम्प्लिमेंट करतील. तुमच्या स्विचमध्ये केस विशेष_वाहन ही एक ओळ त्या सगळ्यांना पुरते आणि बाकीची यादी बंदच राहते. त्यात टोल() मेथड ठेवा, कारण आत काय येणार हे तुम्हाला माहीत नसेल.

कोपरखैरणे :
बिल्डची एक अडचण. टोल-मूळमध्ये नवं रेकॉर्ड घालून फक्त तोच जार बदलला आणि टोल-सेवा जुनीच राहिली, तर कंपायलरला बोलायची संधीच मिळत नाही. नवं वाहन स्विचपर्यंत पोचलं की रनटाइमला मॅचएक्सेप्शन येतं. सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) टोल-मूळ बदललं की त्यावर अवलंबून असलेली सगळी मॉड्यूल्स पुन्हा बांधा.

महापे_जावा :
टेस्ट अडली. मॉकिटो या टेस्टच्या लायब्ररीने वाहन मॉक करायला (खोटं वाहन बनवायला) नकार दिला. टेस्टमध्ये अनॉनिमस (बिननावाचा) क्लास केला तर तोही चालत नाही.

वर्तकनगर :
चालणार नाहीच. मॉक करायला रनटाइमला एक नवा वारस बनवावा लागतो आणि सील्ड इंटरफेसच्या यादीत तो नसतो. अनॉनिमस क्लास, लोकल क्लास, लॅम्डा यांनाही तीच मनाई. खरं रेकॉर्ड बनवा : न्यू ट्रक("एमएच ०४ …", ४). माहितीच्या रेकॉर्डला मॉकची गरज नसते.

याच कारणाने सर्व्हिस क्लास आणि हायबरनेटच्या एन्टिटी (डेटाबेसमधली माहिती धरणारे क्लास) सील करू नका. स्प्रिंगचं क्लासवर आधारलेलं प्रॉक्सी (मूळ क्लासच्या जागी उभा केलेला क्लास) आणि हायबरनेटचं लेझी लोडिंगही (लागेल तेव्हाच माहिती आणणं) सहसा पाठीमागे सबक्लास बनवून चालतं. सील्ड फक्त माहितीच्या टाइप्सना.

जेसनमधून वाहन वाचणार असाल तर जॅक्सन २ मध्ये जेसनसबटाइप्सची (वाचायच्या प्रकारांची) यादी हाताने द्यावी लागते. तिथे राहून गेलेला प्रकार कंपायलर पकडत नाही. सील्डचे ठरलेले वारस देणाऱ्या गेटपरमिटेडसबक्लासेस() मधून आलेला प्रत्येक प्रकार त्या यादीत आहे का, हे तपासणारी एक टेस्ट लिहून ठेवा.

महापे_जावा :
टेस्ट लिहिली आणि लगेच सापडलं : यादीत टेम्पो नव्हता. धागा सुटला असं धरतो.