बाल, कुमार, किशोर की अडनिडं? : वयानुसार कथा-कादंबऱ्यांना म्हणायचं काय

पुस्तकखूण

आमच्या छोट्या वाचनगटाकडे तीन-चारशे पुस्तकं जमली आहेत, बहुतेक सगळ्या कथा-कादंबऱ्याच. वयानुसार त्यांची विभागणी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी उत्साहाने चार प्रकारच्या चिठ्ठ्या केल्या, शिशु, बाल, कुमार आणि प्रौढ, आणि मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवूनही टाकल्या.

पहिल्याच आठवड्यात एक तेरा वर्षांची मुलगी पुस्तक परत द्यायला आली. वाचलं का विचारलं तर नुसतीच मान हलवली, हो की नाही ते कळेना. मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. पुस्तक तिने असं धरलं होतं की 'बाल' या चिठ्ठीवर बरोब्बर अंगठा यावा. बाजूला तिच्या वर्गातली दोन मुलं उभी होती.

उलट टोकाला एक गृहस्थ. 'प्रौढ' अशी चिठ्ठी असलेली एक कादंबरी त्यांनी घाईघाईने पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्याने परत आणली. त्यात एका एकत्र कुटुंबाची वाटणी होती, दुसरं काही नव्हतं.

तर आता चिठ्ठ्या बदलायच्या आहेत. बाल कुठे संपतं आणि कुमार कुठे सुरू होतं? किशोर म्हणजे कुमारच का? आणि इंग्रजीत तेरा ते अठरा वयाच्या वाचकांच्या पुस्तकांना 'यंग अडल्ट' म्हणतात, त्याला मराठीत सरळ, न लाजता वापरता येईल असा शब्द आहे का?

जुनाट

संस्कृतात या वयांची सीमारेषा सांगणारा एक श्लोक आहे. 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि । कैशोरमापञ्चदशाद् यौवनं तु ततः परम् ॥' म्हणजे पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन.

हा हिशेब लावलात तर तुमची 'कुमार' चिठ्ठी चित्रांच्या पुस्तकांवर जाईल. आणि पौगंड सात-आठ वर्षांच्या पोरांवर!

शंकासूर

थांबा थांबा. पौगंडावस्था म्हणजे आवाज फुटतो, मिसरूड फुटतं ती ना? आम्हाला तर शाळेत तेच शिकवलं.

जुनाट

मराठीत तेच. शब्द वयाने वाढला, एवढंच. संस्कृतातला पौगंड दुधाचे दात पडायच्या वयाचा आणि मराठीतला दाढी यायच्या वयाचा. कुमारचंही तसंच झालं. पाचाचा होता, आपल्याकडे येईपर्यंत बारा-तेराचा झाला. त्यामुळे मूळ अर्थ शोधून चिठ्ठी लिहायला जाल तर फसाल. आज लोक काय समजतात तेच धरा.

आजचा रिवाज म्हणाल तर 'बालकुमार' असा जोडशब्दच जास्त चालतो. बालकुमार साहित्य संमेलनं भरतात, दिवाळीत बालकुमार अंक निघतात. बाल कुठे संपलं ते ठरवायची कटकटच नाही. जोडशब्दाचा हा मोठा फायदा.

मधलं पान

पुस्तकखूणताई, 'कुमार'ला माझी एक हरकत आहे. त्यात मुलगी कुठे बसते? 'कुमारी' म्हटलं की अर्थ वयावरून सरकून लग्नावर जातो. चाळिशीतल्या अविवाहित बाईच्या नावामागेही 'कु.' लागायचं की. कुमार वाढला की पुरुष होतो, कुमारीचं लग्न होईपर्यंत काही होतच नाही. तुमची ती तेरा वर्षांची मुलगी 'कुमार कादंबरी' हातात घेऊन फिरेल असं मला वाटत नाही.

'किशोर' त्यापेक्षा बरा. व्याकरणाने तोही पुल्लिंगीच, पण 'किशोरवयीन' केलं की दोघांना चालतो. शिवाय त्या शब्दाचा मूळ अर्थ मला फार आवडतो. संस्कृतात किशोर म्हणजे आधी घोड्याचं पिल्लू, आपलं शिंगरू. लांब पाय, कुठे ठेवायचे ते कळत नाही, आणि तरी सारखं धावायचं. त्या वयाचं याहून चांगलं चित्र मला दिसलेलं नाही.

शंकासूर

शिंगरू-कथा! मी तर म्हणतो हेच लिहा चिठ्ठीवर. (हलकेच घ्या.)

पण खरी शंका : बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. आम्ही ते तिसरी-चौथीपासून वाचायचो. म्हणजे 'किशोर' हा शब्द आठव्या वर्षालाही लागतो आणि सरकारी योजनांमधल्या 'किशोरवयीन मुलीं'नाही लागतो. मग तो बरा कसा?

मधलं पान

मासिकाचं नाव आणि वयोगटाचं नाव यात फरक करायला हवा. मासिकाच्या नावात थोडी चढती आशा असते. आठ वर्षांच्या मुलाला 'किशोर' म्हटलं की तो खूश होतो, तेराच्या मुलीला 'बाल' म्हटलं की ती अंगठा ठेवते. या वयाच्या शब्दांत वर ढकललेलं चालतं, खाली ओढलेलं चालत नाही. निदान तिशी येईपर्यंत तरी.

पैलतीर

वयाचं चाललंय तोवर मी दुसऱ्या बाजूने येते. 'कथा-कादंबऱ्या' हा जोड आपण एका दमात म्हणतो, पण यातला प्रत्येक शब्द शेजारच्या भाषेत गेला की वेष बदलतो. मी हिंदी-मराठी अनुवाद करते. सुरुवातीच्या काळात एका हिंदी मासिकाने माझ्याकडे 'लघुकथा' मागितली. मी मराठी डोक्याने चार हजार शब्दांची पाठवली. उत्तर आलं, कहानी सुंदर है, पर हमने लघुकथा माँगी थी. हिंदीत लघुकथा म्हणजे पानभरात, कधी दहा ओळींत संपणारी. आपण जिला लघुकथा म्हणतो ती त्यांची कहानी. आणि आपली 'कहाणी' म्हणजे आटपाट नगरापासून 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'पर्यंत जाणारी.

दहा ओळींच्या कथेला मराठीत 'अलक' म्हणतात हल्ली. अति लघु कथा, त्याची आद्याक्षरं. नेमक्या शंभर शब्दांची असली तर शतशब्दकथा, तिचं 'शशक'. नावंही त्या कथांसारखीच काटछाट केलेली.

कादंबरीचं तर विचारूच नका. हिंदी-बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. कादंबरी म्हणणारे आपण, कोंकणी आणि कन्नड.

जुनाट

आणि ते नाव एका मुलीचं आहे, हे किती जणांना आठवतं? सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृत गद्यात एक भलीमोठी प्रेमकथा लिहायला घेतली, तिची नायिका कादंबरी. पुस्तक पुरं व्हायच्या आत बाण गेला, उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. पुढे एका पुस्तकाचं विशेषनाम मराठीत अख्ख्या प्रकाराचं सामान्यनाम झालं. १८५७ साली 'यमुनापर्यटन' आलं, त्याला आज आपण पहिली मराठी कादंबरी म्हणतो.

अवांतर : संस्कृतात कादंबरीचा आणखी एक अर्थ मद्य असा आहे. 'कादंबरीरसज्ञानाम् आहारोऽपि न रोचते' या वचनात तोच श्लेष आहे. कादंबरीचा रस कळला त्याला जेवणही गोड लागत नाही, मग ती कादंबरी वाचायची असो की प्यायची. आमच्या घरचे वडीलधारे 'कादंबऱ्या वाचून डोकं फिरतं' म्हणायचे, त्यांना हा श्लेष ठाऊक नसूनही बरोबर पोचला होता.

आता 'गोष्ट' आणि 'कथा'. पुस्तकखूण, तुमच्या चिठ्ठ्यांचं खरं गुपित मला इथे दिसतं. आज आपण सहज म्हणतो मुलांच्या गोष्टी, मोठ्यांच्या कथा. मुलांचं 'गोष्टींचं पुस्तक', मोठ्यांचा 'कथासंग्रह'. आत काय आहे हे न बघता नुसत्या शब्दावरून वय कळतं. पण हे नेहमी असं नव्हतं. हरिभाऊ आपट्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेल्या कथांच्या संग्रहाचं नाव 'स्फुट गोष्टी' आहे. पुढे 'मासिक मनोरंजन'च्या काळात 'संपूर्ण गोष्ट' हा प्रकार गाजला. मासिकात सगळं 'पुढे चालू' असायचं, ही एका अंकात संपायची, म्हणून संपूर्ण. तीही मोठ्यांचीच. मग ना. सी. फडक्यांच्या पिढीत तंत्राची चर्चा सुरू झाली, 'लघुकथा' रुळली, नंतर गंगाधर गाडगीळ-अरविंद गोखल्यांच्या काळात 'नवकथा' आली. या सगळ्या घाईत 'गोष्ट' मागे राहिली आणि मुलांच्या वाट्याला आली. पौगंड वयाने वाढला तशी गोष्ट वयाने लहान झाली.

खरं तर गोष्ट म्हणजे मूळची गोष्ठी, चारचौघांनी जमून केलेलं बोलणं. त्याच्याही मागे गेलात तर 'गोष्ठ', गाईंचा गोठा. लहान मुलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शंकासूर

पण काका, क्रियापदं बघा. गोष्ट 'सांगतात'. कथा 'लिहितात'. 'मी एक गोष्ट लिहिली' म्हटलं की शाळेतल्या निबंधाच्या वहीचा वास येतो. आणि 'कादंबरी सांगतो' म्हटलं तर समोरचा घड्याळ बघतो. म्हणजे फरक वयाचा नसून तोंडाचा आणि लेखणीचा असेल? ज्याला वाचता येत नाही त्याला गोष्ट सांगायची, म्हणून ती मुलांची.

जुनाट

हे पटण्यासारखं आहे. मला सुचलं नव्हतं.

फळा

मग माझाही अनुभव घ्या यात. मी काही वर्षं प्रौढ साक्षरता वर्गात शिकवलंय. नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी 'नवसाक्षर साहित्य' म्हणून पुस्तकं असतात. अक्षर मोठं, वाक्य छोटं, जोडाक्षरं बेताची. पण विषय मोठ्या माणसाचा. कर्ज, सासर, शेताचा बांध. पन्नाशीच्या एका बाईला मी एकदा सोपं म्हणून सशाची गोष्ट दिली होती. तिने अक्षर न् अक्षर लावून पूर्ण वाचली आणि म्हणाली, 'वाचली बाई, पण मला काय त्याचं?' तेव्हा कळलं, वाचनाचं वय आणि माणसाचं वय या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. तुमच्या चारही चिठ्ठ्या एकच पट्टी धरून आहेत.

पुस्तकखूण

'मला काय त्याचं' हे लिहून ठेवलंय. पण चार चिठ्ठ्या करताना माझी दमछाक झाली, दोन पट्ट्या मांडायला गेले तर पुस्तकांपेक्षा चिठ्ठ्या जास्त होतील.

आणि 'युवा'चं काय? 'यंग अडल्ट'ला अनेक जण 'युवा साहित्य' सुचवतात.

पैलतीर

युवा नको. साहित्य अकादमीचे बाल साहित्य पुरस्कार आणि युवा पुरस्कार शेजारी ठेवून बघा. बाल साहित्य पुरस्कार मिळवणारा लेखक सत्तरीचा असू शकतो, तिथे 'बाल' हे वाचकाचं वय. युवा पुरस्कारासाठी लेखक पस्तिशीच्या आतला लागतो, तिथे वय लेखकाचं. वाचक ऐंशीचा असला तरी कोणी विचारत नाही. त्यामुळे 'युवा कादंबरी' म्हटलं की मला आधी लेखकाचा फोटो दिसतो.

'तरुण'ची तीच गत. मराठीत 'तरुण लेखक' पंचेचाळिशीपर्यंत तरुण राहतो.

शंकासूर

गद्धेपंचविशी! वीस ते पंचवीस वयाच्या कादंबऱ्यांना याहून चपखल नाव नाही. चिठ्ठी लावा, एक पुस्तक कपाटात राहणार नाही.

मधलं पान

त्याच्या अलीकडच्या वयाला आपल्याकडे एक घरगुती शब्द आहेच की. अडनिडं वय. काही जण 'आडनिडं'ही लिहितात. ना लहान ना मोठं, कपडेही धड कुठल्या मापात बसत नाहीत. 'बाल', 'कुमार', 'किशोर' हे सगळे बाहेरच्या माणसाने केलेले गट. 'अडनिडं' मात्र ते वय जगलेला माणूसच म्हणतो, बहुतेक वेळा हसत.

फळा

शब्द गोड आहे, पण तो मोठ्यांच्या तोंडचा आहे. आई शेजारणीला म्हणते, 'अडनिडं वय आहे हो.' ते ऐकणाऱ्या पोराला कसं वाटतं ते आठवा जरा. चिठ्ठीवर नको. गप्पांत ठेवा.

मधलं पान

हं. खरंय. माझी आईही म्हणायची, आणि मी दार आपटायचे.

पुस्तकखूण

तर ताजी बातमी. काल सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. 'प्रौढ' आधी काढली, कारण 'फक्त प्रौढांसाठी'ने तो शब्द कायमचा नासवलाय आणि साध्या कथासंग्रहाला तो लावणं म्हणजे वाचकाची फसवणूक. त्या पुस्तकांवर आता काहीच लिहिलेलं नाही. लहानांच्या पुस्तकांवर 'वाचून दाखवायच्या गोष्टी' आणि 'आपली आपण वाचायच्या गोष्टी' अशा दोन चिठ्ठ्या. ही कल्पना शंकासूर यांच्या तोंड-लेखणीवरून आली, आभार. फळा यांची नवसाक्षर पुस्तकं 'आपली आपण'च्या गठ्ठ्यात घालणार नाही, ती मोठ्यांच्यातच राहतील, मोठ्या अक्षराची म्हणून खूण करून.

मधल्या गठ्ठ्याला मात्र शब्द सापडला नाही. म्हणून ती पुस्तकं मोठ्यांच्या कपाटातच सर्वात खालच्या कप्प्यात ठेवली, बिनचिठ्ठीची. ती मुलगी आली होती. खाली बसून दोन पुस्तकं काढली. एक त्या कप्प्यातलं, दुसरं वरच्या कप्प्यातलं, जे मी तिला दिलं नसतं.

शंकासूर

कुठलं ते दुसरं?

पुस्तकखूण

ती एकत्र कुटुंबाच्या वाटणीची कादंबरी. मुखपृष्ठावर चिठ्ठीच्या गोंदाचा डाग अजून आहे. काय होतं इथे, असं तिने विचारलं.

जुनाट

मग, काय सांगितलंत?

पुस्तकखूण

किंमत खोडली होती म्हटलं.