चर्चा धागा: नशा सुटेपर्यंत माणूस जगवण्याचा खर्च सरकारने करावा का?

पाऊलवाट:
मार्च २०२४ मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने अतिमात्रेमुळे होणारे मृत्यू रोखण्याबद्दल ठराव केला. आयोगाच्या ठरावात 'हार्म रिडक्शन', म्हणजे नशा सुटली नाही तरी तिच्यामुळे होणारी हानी कमी करणं, हे शब्द पहिल्यांदाच आले. तिथे सगळं एकमताने व्हायची पद्धत, पण या वेळी मतदान घ्यावं लागलं. ३८ देश बाजूने, रशिया आणि चीन विरोधात, सहा तटस्थ. आयोगाच्या २००९ च्या जाहीरनाम्यात हेच शब्द बसू दिले नव्हते. 'संबंधित साहाय्य सेवा' असं गुळमुळीत लिहिलं गेलं, तेव्हा २६ देशांनी वेगळं निवेदन देऊन 'आम्ही याचा अर्थ हार्म रिडक्शन असाच घेतो' असं सांगितलं होतं.

शब्दांसाठी एवढं का भांडायचं? जे कागदावर नाही त्याला अर्थसंकल्पात जागा मिळत नाही, म्हणून. आणि मागणं तरी काय आहे? इंजेक्शन घेणाऱ्यांना स्वच्छ सुया, हेरॉइनऐवजी डॉक्टरच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन, अतिमात्रेने श्वास मंदावलेल्याला तिचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरी रशियात मेथाडोन उपचारांना बंदी आहे. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला आणि तिथले सुमारे आठशे रुग्ण औषधाविना उरले. सरकारांनी या कामाला उघड पाठिंबा द्यावा आणि स्वतःच्या तिजोरीतून पैसा द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सरळरेघ:
पूर्ण असहमत. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने हेच करून पाहिलं. २०२० मध्ये लोकांनी मतदानाने अमली पदार्थ थोड्या प्रमाणात जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं. २०२४ मध्ये तिथल्याच विधिमंडळाला ते फिरवावं लागलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही त्याच वर्षी सार्वजनिक जागी नशा करण्याची मोकळीक मागे घेतली. अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात हे पदार्थ फक्त वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामापुरते, असं स्वच्छ लिहिलंय. सरकारच सुई हातात देऊ लागलं, तर शाळेतल्या पोराला 'नको' कोणत्या तोंडाने सांगायचं?

पाऊलवाट:
तुम्ही दोन गोष्टी एकात घातल्या. शिक्षा काढणं वेगळं, सुया आणि औषध देणं वेगळं. पोर्तुगालने २००१ मध्ये शिक्षा काढली, पण दहा दिवस पुरेल त्याहून कमी माल सापडलेल्या माणसाला एका समितीपुढे बसवलं आणि मागे उपचारांची सोय उभी केली. ऑरेगनमध्ये शंभर डॉलर दंड होता. हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. फोन करणारे फारच थोडे निघाले आणि उपचारांचा पैसा पोचायला उशीर झाला. आधी घर पाडलं, मग विटा मागवल्या.

धाकटी:
मी दोघांच्याही बाजूची नाही. माझा दादा बरीच वर्षं मेथाडोनवर आहे. रोज सकाळी रांग, खिडकीतून डोस, सही, परत घरी. त्या केंद्रात इतक्या वर्षांत एकाही माणसाने त्याला विचारलं नाही की बाबा रे, पुढे काय करायचंय? काम शोधूया का? कधी कमी करून बघूया का? तो जिवंत आहे, मला मान्य आहे. आईसाठी तेवढं पुरे आहे. मला पुरत नाही. सरकारला कुणाला त्रास न देणारा, गप्प बसलेला माणूस हवा होता, तो त्यांना स्वस्तात मिळाला. पाठिंबा पाठिंबा म्हणता, तो एवढाच असेल तर माझा विरोध आहे.

वॉर्डातली:
मी नर्स आहे. धाकटी, तुमच्या दादाला कुणी विचारलं नाही ही चूकच. पण घाईने डोस उतरवणंही मी पाहिलंय. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय उतरते, आणि मग माणूस एका वाईट दिवशी जुन्याच मात्रेने घेतो. तुरुंगातून सुटलेल्यांचे पहिले दोन आठवडे याच कारणाने सगळ्यात जोखमीचे.

सरळरेघ, धाकाचंच बोलायचं तर स्कॉटलंडमधल्या एडिंबराचं बघा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुया मिळणं अवघड करून ठेवलं होतं, पोलीस सापडलेल्या सिरिंज जप्त करायचे. लोकांनी नशा सोडली नाही, एकच सुई अनेकांनी वापरली. १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्यातल्या तपासणीत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना एचआयव्हीची लागण निघाली. आणि हे फक्त पाश्चात्त्यांचं खूळ म्हणाल, तर इराणमध्ये २००५ साली खुद्द न्यायसंस्थेच्या प्रमुखांनी सुया आणि मेथाडोनच्या कामात अडथळा आणू नका असं फर्मावलं. त्यांच्या कायद्याला कुणी मऊ म्हणणार नाही.

सरळरेघ:
एडिंबराचा मुद्दा मला माहीत नव्हता. सुया आणि नॅलोक्सोनपुरता विरोध मागे घेतो. नशा करायला जागा उघडून देण्याला मात्र नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या प्लाट्झस्पिट्झ बागेत तसंच चालू दिलं होतं, शेवटी १९९२ मध्ये बागेला कुलूप लावावं लागलं. आसपास राहणाऱ्यांनी काय भोगलं असेल, त्यांच्या बाजूने इथे एक ओळही नाही.

पाऊलवाट:
शेजाऱ्यांचं मी लिहायला हवं होतं, खरंय. पण ती बाग म्हणजे उघड्यावर सोडून दिलेली माणसं. त्या अनुभवानंतरच स्वित्झर्लंडने १९९४ मध्ये डॉक्टरांच्या नजरेखाली हेरॉइन द्यायला सुरुवात केली, आणि २००८ च्या सार्वमतात ६८ टक्के मतदारांनी ते कायद्यात कायम केलं. मत देणारे शेजारीच होते ना?

मला जास्त धास्ती पैशाची आहे. २०२४ चा तो ठराव अमेरिकेने पुढे आणला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याच अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. दुसऱ्याच्या देणगीवर चालणारं केंद्र एका सहीने बंद पडतं, आणि रांगेतल्या माणसाला ते दाराशी गेल्यावर कळतं.

सरळरेघ:
धाकटी, एक विचारू? उद्या दादांचं केंद्र बंद केलं तर तुम्हाला चालेल?

धाकटी:
नाही. रात्रभर झोप लागणार नाही मला. पण तिथे समुपदेशक नेमा, कामधंद्याचं बघणारं कुणी नेमा, आणि त्याच्या पगाराची तरतूद त्याच ठरावाखाली लिहा. दादा गवंडीकामात हुशार होता. हे त्या केंद्रातल्या एकालाही माहीत नाही.