जॅक काढला म्हणजे डिझाइन केलं असं होत नाही

साडेआठची_फास्ट:
काल इथे एकाने लिहिलंय, "वायर म्हणजे जुना कचरा, हेडफोन जॅक गेला तिथून फोनची खरी डिझाइन सुरू झाली, ज्यांना झेपत नाही त्यांनी वॉकमन घेऊन बसावं." वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. वॉकमनचं नाव काढलंत ना, मग तोच घ्या. सोनीचा १९७९ चा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकायला. आणि एक नारिंगी बटण, ते दाबून धरलं की गाणं बारीक व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं माईकमधून कानात यायचं. आज ट्रान्सपरन्सी मोड म्हणून जे मिरवतात ते काम तेव्हा एका बटणाने केलेलं. कानात गाणं असताना बाजूचा माणूस बोलला तर काय, एवढा विचार कोणीतरी बसून केला होता, डिझाइन म्हणजे हे. उलट २०१६ ला आयफोन ७ मधून जॅक गेला तेव्हा कारणं काय, तर जागा लागते आणि पाण्यापासून बचाव. त्याच वर्षीचा सॅमसंगचा गॅलेक्सी एस७ आयपी६८ होता, म्हणजे पाण्या-धुळीपासून बचावाचा दर्जा, तोही जॅकसकट! मग पाण्याचं कारण कुठे राहिलं?
आणि जुलैत लोकलमध्ये चढून बघा. एका हातात हँडल, दुसऱ्यात गळणारी छत्री, बोटं ओली, काच बोटाला ओळखत नाही, कानातल्या बिनवायरच्या बडवर थेंब पडला तरी गाणं पुढे जातं. वायरवरचं बटण न बघता सापडायचं आणि दाबलं की दाबलं जायचं.

ठाण्याची_ताई:
दादा, तुम्ही जेन्ट्समधून बोलताय. लेडीज डब्यात दादरला उतरताना वायर काय करते ते मी सांगते. माझी वायर पुढच्या बाईच्या पर्सच्या चेनमध्ये अडकली, ती उतरली, मी अजून आत, आणि फोन कुर्त्याच्या खिशातून ओढला जाऊन खाली. फटीत नाही गेला, फलाटावर पडला, काच मात्र गेली. ओढणी, मंगळसूत्र, बॅगेचा पट्टा, ओळखपत्राची दोरी, त्यात अजून वायर कशाला? वायरलेस घेतले आणि तो ताप संपला. शिवाय नॉइज कॅन्सलेशनमुळे गाडीची सततची घरघर बरीच कमी होते, म्हणून आता आवाज निम्म्यावर ठेवून ऐकते, आधी फुल करावा लागायचा. कानांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि बटणांचे गोडवे गाताय तर ॲपलचा २००९ चा बिनबटणाचा छोटा गाण्यांचा प्लेअर, आयपॉड शफल, विसरलात? तो वायरवालाच होता.

साडेआठची_फास्ट:
नाही विसरलो. सगळी बटणं इअरफोनच्या वायरवर नेली, म्हणजे दुसरा साधा इअरफोन लावला की ना आवाज कमी करता येतो ना गाणं बदलता येतं. २०१० ला बटणं मुकाट्याने परत आणली. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

रेझिस्टर:
जॅक राहू द्या, बॅटरीचं बोला कोणीतरी. माझं रिपेअरिंगचं काउंटर आहे लॅमिंग्टन रोडला. येणारं गिऱ्हाईक एकच रड घेऊन येतं, एक बड चालतो दुसरा वीस मिनिटांत बंद. आतला सेल नखाएवढा, दोन-तीन वर्षांत दमतो, आणि बाहेरून सगळं चिकटवलेलं, उघडायचं म्हणजे कापायचंच. पहिल्या एअरपॉड्सना आयफिक्सिटने, म्हणजे वस्तू उघडून बघून गुण देणाऱ्या कंपनीने, दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य दिलेला. बरं, हे जमत नाही असंही नाही, २०२४ चे फेअरबड्स घ्या, बॅटरी वापरणाऱ्यानेच बदलायची. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद सोडले तर बॅटरी घरच्या घरी काढता आली पाहिजे असा नियम येतोय. गुळगुळीत दिसावं म्हणून वस्तू चिकटवून टाकायची आणि वर तिला इनोव्हेशन म्हणायचं, याचा मला मनापासून संताप येतो.

कट_टू_कट:
अंधेरीत डबिंगच्या एडिटला बसतो. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. सिनेमा बघताना कळत नाही कारण फोन चित्र तेवढं मागे ठेवून जुळवून घेतो, पण माणूस माइकसमोर उभा राहून बोलतोय तेव्हा मागे काय ठेवणार? चार्जिंगच्या भोकात वायर जोडायचा डाँगल लावला की चार्जिंग बंद. धंद्याच्या माणसाला वायर लागते, विषय संपला.

कळव्याचा_कावळा:
खरा तोटा कोणी बोलतच नाहीये. पूर्वी स्टेशनबाहेर शंभराच्या आत इअरफोन मिळायचा, खुपसला की झालं. जॅक गेला आणि अख्खा डबा स्पीकरवर रील्स ऐकायला लागला. ही सगळी जॅक काढणाऱ्यांची कृपा.

ठाण्याची_ताई:
काहीही! स्पीकरवर वाजवणाऱ्यांच्या हातातले फोन बघा ना एकदा. दहा-बारा हजारांचे असतात, त्यातल्या बऱ्याच फोनना आजही जॅक आहे. सोय असून लावत नाहीत. हा संस्काराचा प्रश्न आहे, डिझाइनचा नाही.

कळव्याचा_कावळा:
संस्कार काढू नका. बारा तास ड्यूटी करून घरी जाणारा माणूस कॉमेडी बघतोय, त्याच्याकडे तुमच्यासारखे महागडे बड्स नाहीत. आणि सकाळी भजनी मंडळ टाळ कुटतं तेव्हा तुमचे संस्कार कुठे जातात?

पखवाज_परेल:
भजनाला मध्ये आणायचं काम नाही. आमचा ग्रुप माझ्या वडिलांच्या वेळेपासून चालू आहे. चार माणसं एकत्र गातात, नवा आला तर त्यालाही टाळ देतात. एकट्याने मोबाइल कोकलत ठेवणं आणि हे, एका तराजूत घालता?

कळव्याचा_कावळा:
रात्रपाळी करून झोपेला आलेल्या माणसाला दोन्ही सारखंच. टाळ हातात दिला म्हणून त्याची झोप होत नाही.

पखवाज_परेल:
मग बाजूच्या डब्यात बसा. गाडी तुमच्या एकट्याची आहे का?

ठाण्याची_ताई:
हेच रील्सवाला पण म्हणतो, शब्दश: हेच.

रेझिस्टर:
अहो बॅटरीचं बोलत होतो आपण. कोणी उत्तरच दिलं नाही.

ठाण्याची_ताई:
देते. बॅटरीचं तुमचं शंभर टक्के बरोबर, माझाही डावा बड गेलाय आणि दुकानदाराने सरळ नवीन घ्या सांगितलं. पण त्यावर उपाय वायर नाही. साडेआठवाल्यांच्या ओल्या बोटांसाठीही उपाय निघालाय, सीएमएफ बड्स प्रो २ या बड्सच्या चार्जिंगच्या डबीवर, म्हणजे केसवर, चकती आहे, फिरवली की आवाज कमीजास्त, दाबली की गाणं थांबतं. केस खिशात ठेवून न बघता करता येतं. २०२४ चं आहे, जॅक गेल्यानंतरचं.

साडेआठची_फास्ट:
चकती चांगली आहे, मान्य. पण ती चांगली का, तर बोटाला कळणारी वस्तू परत आली म्हणून. जॅक काढायची गरज होती हे त्यातून कुठे सिद्ध झालं? सोनीच्या एक्सपीरिया १ फोनला जॅक नव्हता आणि पुढच्याच, २०२० च्या मॉडेलला परत बसवला. म्हणजे जागा होती, इच्छा नव्हती. वायरलेस तुम्ही खुशाल वापरा, माझं म्हणणं एवढंच की दोन्हीची सोय ठेवा. आणि भजनाचं भांडण कृपया वेगळ्या धाग्यावर न्या.

पखवाज_परेल:
सुरुवात आम्ही नाही केली.