'पेलेट इंजेक्शन'ला मराठीत काय म्हणाल?

वेलांटी: संमीलन (फ्यूजन) अणुभट्टीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. गोठवलेल्या ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) काही मिलिमीटरची गोळी इंधन म्हणून प्लाझ्मात, म्हणजे भट्टीतल्या अतितप्त विद्युतभारित वायूत, सोडतात, त्याचं संगणकावर सिम्युलेशन कसं करतात, असा विषय. 'पेलेट इंजेक्शन'चं 'गोळीचं इंजेक्शन' केलं आणि स्वतःच हसले. डॉक्टर एक तर गोळी देतो, नाही तर इंजेक्शन! 'छर्रा' कसा वाटतो? आणि 'ॲब्लेशन'ला, म्हणजे उष्णतेने गोळीचा पृष्ठभाग उडत जाण्याला, 'झीज' चालेल का?

तिसरा घात: 'अंतःक्षेपण' आहे, पण त्यालाही दवाखान्याचा वास येतो. गोळीचा वेग सेकंदाला काहीशे मीटरपासून किलोमीटरभरापर्यंत असतो, तेव्हा सरळ 'गोळी डागणे' म्हणा. 'सोडणे' फार मवाळ. 'छर्रा' नको, छर्रे कधी एकटे नसतात.

'झीज' मात्र अजिबात नको. झिजायला घासावं लागतं. चंदन झिजतं, चप्पल झिजते. इथे तापलेले इलेक्ट्रॉन गोळीचा पृष्ठभाग उडवतात, आणि उडालेल्या वायूचा ढग तिच्याचभोवती राहून मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अडवतो. कोट्यवधी अंशांच्या प्लाझ्मात ती लगेच संपत नाही ती या आडोशामुळेच. 'कापरासारखी उडते' हे वर्णन म्हणून छान, पण संज्ञा 'क्षरण' ठेवा.

चकवा: क्षरण म्हणजे लोखंड गंजणं ना?

तिसरा घात: त्यासाठी 'गंजणे' आहेच की. 'क्षर्' म्हणजे पाझरणं, वाहून जाणं. आपलं 'झरणे' प्राकृतातून त्याच धातूवरून आलं. 'झिजणे' आलं 'क्षि'वरून. गोळीतून वायू झरतो, म्हणून क्षरण.

वेलांटी: पटलं. सिम्युलेशनला 'सदृशीकरण' घेतलंय. वाक्य असं: 'संगणक गोळीच्या क्षरणाचं सदृशीकरण करतो.'

जाळीदार: शब्द ठीक, वाक्य चुकलं. 'जोरेक'सारख्या, संमीलन प्लाझ्माचं सदृशीकरण करणाऱ्या संगणकीय कोडमध्ये गोळीचा पृष्ठभाग कणाकणाने उडताना दाखवत नाहीत. प्लाझ्मा मीटरांत, गोळी मिलिमीटरांत. दोन्ही गणनेसाठी आखलेल्या एकाच चौकटींच्या जाळीत बसवायचं तर गणित आवाक्याबाहेर जातं. म्हणून तिथे गोळी म्हणजे नुसता एक सरकता उगम, तिथून प्लाझ्मात घनता ओतायची. किती ओतायची ते सूत्र सांगतं. पार्क्स आणि टर्नबुल यांचं १९७८ चं प्रतिमान (मॉडेल) यातलं मूळचं, तुम्ही म्हणता त्या वायूच्या ढालीवरच बेतलेलं. त्यात क्षरणाचा दर इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या घनमुळाने वाढतो, तापमानाच्या मात्र साधारण १.६४ घाताने. घनता दुप्पट केली तर दर जेमतेम सव्वापट, तापमान दुप्पट केलं तर तिपटीच्या वर. तेव्हा क्षरणाचं 'प्रतिमान' आणि त्यामुळे ढवळणाऱ्या प्लाझ्माचं 'सदृशीकरण', असं वेगळं लिहा. भाषांतरांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात, वाचून चिडचिड होते.

वेलांटी: वाक्य मोडून दोन केली. आता शेवटचं: 'शॅटर्ड पेलेट'?

तिसरा घात: वाकड्या नळीत आपटून फोडलेली ती? ईटर या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संमीलन अणुभट्टीत प्लाझ्मा अचानक ढासळू लागला, तर त्याची उष्णता एकाच जागी भिंतीवर न पडता प्रकाशरूपाने सगळीकडे पसरावी, म्हणून निऑन मिसळलेली गोळी फोडून मारायची योजना आहे. काढा आता तुमचे छर्रे बाहेर!

वेलांटी: 'गोळी फोडून छर्रे डागणे.' ठेवते.