इंटरनेट आहे, जर्नल्स आहेत, मग प्राध्यापकांचे रिसर्च पेपर का येत नाहीत?

खडू_डस्टर: जर्नल्स सगळ्या संस्थांना एकत्र वर्गणीतून देणाऱ्या केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांचे ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नल्स. अनुदानित कॉलेजांना एन-लिस्ट ही ऑनलाइन जर्नल्स-पुस्तकांची सोय तर कधीपासूनच आहे, घरबसल्या लॉगिन करून वाचता येतं. तरी आमच्या स्टाफरूममध्ये विचारा, निम्म्यांना पासवर्ड माहीत नाही. मला तरी वाटतं घोडं आत्मविश्वासापाशी अडलंय. आपलं इंग्रजी कच्चं, आपलं कोण छापणार, असं म्हणत बऱ्या जर्नलकडे काही पाठवायचंच नाही आणि कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल भरायची वेळ आली की पैसे मोजून आठवड्यात छापून देणाऱ्याला गाठायचं!

तासिकावाला: सर, तुम्ही कायम आहात म्हणून हे सुचतंय. ते ६,००० कोटी पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी, आमचं खासगी कॉलेज त्यात बसतच नाही. एन-लिस्टचा आयडी कॉलेजकडून मिळतो, आणि मी सीएचबीवर, म्हणजे तासांवर मानधन, दरवर्षी नव्याने नेमणूक, आयडी हातात येईस्तोवर सेमिस्टर संपतं. दोन कॉलेजांत तास घेऊन रात्री घरी आल्यावर कसला आत्मविश्वास आणि कसला रिसर्च.

गोदाकाठ: सर, आत्मविश्वास आधी आणि पेपर नंतर असं नसतंच मुळी. मानसशास्त्रज्ञ बॅन्डुराने १९७७ सालीच मांडलंय की 'मला जमेल' हे मुख्यतः एकदा जमल्यावर वाटायला लागतं. आणि माझा विषय मराठी, त्या १३,००० मधली आमच्या कामाची किती असतील सांगा? शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध मिळतात, पण जुनी नियतकालिकं बघायला अजून ग्रंथालयात जाऊन धूळच खावी लागते, तिथे वायफाय काय करणार.

खडू_डस्टर: मॅडम, मग पहिला पेपर तरी पाठवा की! नकार आला तर रिव्ह्यूवरची शेरेबाजी फुकटात शिकवून जाते. लोक तीच उघडून बघत नाहीत, अपमान वाटतो.

तासिकावाला: पाठवा म्हणणं सोपंय हो. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर लिस्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता कुठलं जर्नल चालणार ते कॉलेज ठरवणार. आमच्या प्राचार्यांना विचारलं तर म्हणाले, आधी नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाईली पूर्ण करा.

गोदाकाठ: हे मात्र सगळीकडे सेम आहे 😄