रात्री उठताना वडिलांचा तोल जातो: ग्रॅब बार कुठे बसवावेत?

तळमजला (प्रश्न)
वडील, वय 78. रक्तदाबाची गोळी चालू आहे, शिवाय प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. दिवसा व्यवस्थित चालतात, पण रात्री लघवीला उठले की पहिल्या दोन-चार पावलांतच तोल जातो. बाथरूममध्ये ग्रॅब बार बसवायचे ठरवले आहे. किती उंचीवर? सक्शनवाले चालतील का, म्हणजे टाइल फोडायला नको?

नाडीपरीक्षा
बार बसवाच, पण तोल जातोय पलंगापाशी. तिथे बाथरूममधला बार काय कामाचा? आधी उभं राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो ते बघा. पाच मिनिटं आडवं पडू द्या, मोजा. मग उभं करा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. पट्टा दंडावरच राहू द्या आणि मोजताना हाताला छातीच्या पातळीवर आधार द्या. लोंबता हात आकडा वाढवून दाखवतो आणि खरी घसरण लपते. तुम्ही शेजारीच उभे राहा. गरगरलं तर लगेच बसवा.

वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर कारण बऱ्यापैकी सापडलं म्हणा. टॅमसुलोसिन प्रोस्टेटचे स्नायू सैल करतं, थोड्याफार रक्तवाहिन्याही करतं, आणि रक्तदाबाची गोळी त्यात भर घालते. आकडे डॉक्टरांना दाखवा, वेळ किंवा मात्रा तेच बदलतील. घरच्या घरी गोळी बंद करू नका. सगळ्या गोळ्या सोबत न्या, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा. सर्दी-खाजेच्या जुन्या पिढीतल्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत उतरत नाही, आणि त्या कोणी 'औषधां'त मोजतच नाही.

तोवर: उठल्यावर पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, घोटे पंधरा-वीस वेळा वर-खाली करायचे. उभं राहून पलंगाला धरूनच दहा अंक मोजायचे, मग पाऊल. लघवी बसून करायची. उभ्याने करताना रक्तदाब आणखी पडू शकतो. पलंगाशी युरिन पॉट ठेवलात तर रात्रीची फेरीच वाचते.

भिंतबोलकी
सक्शनवाले नकोत. टाइलच्या सांध्यावर किंवा ओलाव्यात हवा शिरते आणि पूर्ण भार पडला की नेमके तेव्हाच निसटतात. टॉवेल रॉडही आधार नव्हे.

कमोडजवळचा आडवा बार फरशीपासून साधारण 84 ते 91 सेंमीवर, पण आकड्यापेक्षा माणूस महत्त्वाचा. त्यांना कमोडवर बसवा, उठताना हात आपसूक कुठे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा. अंघोळीच्या जागेत शिरताना धरायला एक उभा बार हवा. बारची जाडी 32 ते 38 मिमी, भिंतीपासून फट 38 मिमी. फट मोठी ठेवली तर घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो.

टाइलमध्ये हॅमर मोड बंद ठेवून टाइलच्याच बिटने भोक पाडा, पलीकडे विटेत गेल्यावर हॅमर चालू करा. उलट केलंत तर टाइल तडकलीच. टाइल आणि गिलावा भार घेत नाहीत, म्हणून प्लग आणि स्क्रू त्यापुढे विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान 5 सेंमी जायला हवेत. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग आत गरगर फिरतो. त्याचे वेगळे अँकर मिळतात. बसवल्यावर आधी तुम्ही अंगाचा पूर्ण भार टाकून ओढून बघा.

दिवेलागण
सेन्सरचा दिवा पलंग ते कमोड वाटेवर, पोटरीच्या उंचीला. छताचा झगझगीत दिवा अचानक लागला की डोळे दिपतात. सपाता नकोत, टाच बंद असलेली आणि पातळ, घट्ट तळाची चप्पल द्या. नुसते मोजे तर मुळीच नकोत.

तळमजला
मोजलं. आडवे 142/80, तीन मिनिटांनी उभे 118/72. उद्याच डॉक्टरांकडे. रोज अर्धा तास चालतात, व्यायाम तेवढा पुरे का? आणि व्हिटॅमिन डी सुरू करावं का?

नाडीपरीक्षा
24 चा फरक, म्हणजे दाखवायलाच हवं. डी रक्तात कमी असेल तरच. सरसकट घेऊन पडणं थांबत नाही.

पाऊलखूण
चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. तोलाला तोलाचाच व्यायाम लागतो. डॉक्टरांनी रक्तदाब मार्गी लावला की सुरू करा: भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, आठ-दहा वेळा, दोनदा. मग ओट्याला धरून एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं. हात सोडून 10 सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका खराच आहे, फिजिओथेरपिस्टला दाखवा. सोपं वाटू लागलं की आधार कमी करत न्यायचा, दोन्ही हातांवरून एका हातावर, मग नुसत्या बोटांवर. कायम घट्ट धरूनच केलं तर तोल शिकतच नाही.

काठी लागलीच तर मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर हवी, आणि काठी अशक्त पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण त्याच बाजूला धरतात.

एक राहिलं: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल आणि पडून डोक्याला मार लागला तर 'काही होत नाहीये' म्हटलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी दिवसांनी, आठवड्यांनी लक्षणं दाखवतो. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर उठवूच नका, रुग्णवाहिका बोलवा.